पेन्शनरांच्या गावचे वार्ताहर

बंगळुरूतल्या मल्लेश्वरम् किंवा बसवनगुडीसारख्या जुन्या वस्तीतलं कुठलंही उद्यान घ्या. सकाळचे सात-सव्वासात. फेऱ्या मारून झाल्या की चार-पाच जण बाकावर टेकतात. कुणाच्या डोक्याला मफलर, कुणाच्या हातात दुधाची पिशवी, कुणाच्या पायात मुलाने अमेरिकेहून पाठवलेले बूट. एक जण बँकेतून निवृत्त झालेले, दुसरे कारखान्यातून, तिसऱ्या बाई शाळेत गणित शिकवायच्या. विषय ठरलेले. फुटपाथ उखडलाय. कोपऱ्यावरचं झाड रातोरात गेलं. बसचा थांबा पुढे सरकवला, आता भर चौक ओलांडावा लागतो. आणि शेवटी ते नेहमीचं वाक्य, ‘आमच्या वेळी असं नव्हतं हो!’ मग कॉफी, मग घर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच बाक आणि तीच तक्रार.

या बाकावर रोज निदान एक तरी बातमी जन्माला येते आणि कॉफीबरोबर विरून जाते. झाड कुणी तोडलं, परवानगी होती का, थांबा का हलवला, हे विचारायला बाकावरच्या मंडळींकडे वेळ असतो. पूर्वी तिथे काय होतं, हे सांगायला आठवण असते. खिशात कॅमेरा असलेला फोनही असतो. नसतं ते एकच. या तिन्ही गोष्टी एकत्र कशा बांधायच्या, याचं शिक्षण.

ज्येष्ठ नागरिकांना परिसर-पत्रकारिता आणि फोटोंतून गोष्ट सांगणं शिकवावं, ही कल्पना त्यातूनच पुढे येते. त्यासाठी बंगळुरूइतकं योग्य शहर शोधून सापडणार नाही.

पेन्शनरांचं नंदनवन

बंगळुरू म्हणजे पेन्शनरांचं नंदनवन, असं एके काळी सगळा देश म्हणायचा. हवा थंड, रस्ते सावलीचे, घराभोवती चार झाडं. १८९८ मध्ये शहरात प्लेग आला, दाट वस्तीतली माणसं बाहेर काढावी लागली आणि त्यातून मल्लेश्वरम् व बसवनगुडी या आखीव वसाहती उभ्या राहिल्या. पुढे सरकारी कारखाने आले. १९४० मध्ये विमानांचा एचएएल, १९४८ मध्ये टेलिफोनचा आयटीआय, १९५३ मध्ये एचएमटी, १९५४ मध्ये बीईएल. गावोगावची माणसं इथे नोकरीला आली, निवृत्त झाली आणि इथेच राहिली. त्यात बेळगाव-धारवाडकडची मराठी कुटुंबंही होती.

मग शहर धावायला लागलं. १९९१ च्या जनगणनेत सुमारे ४१ लाखांचं असलेलं बंगळुरू २०११ मध्ये सुमारे ८५ लाखांवर गेलं. बंगले पडले, इमारती चढल्या. ज्या एचएमटीच्या घड्याळाने लग्नातल्या किती जावयांचे रुसवे काढले, त्या कंपनीचा घड्याळांचा व्यवसायही २०१६ मध्ये बंद झाला. मुलं परदेशी गेली. नंदनवनात पेन्शनर उरले, पण त्यांना काही विचारणारं कुणी उरलं नाही.

त्यात आणखी एक गंमत झाली. गंमत कसली, काळजीचीच गोष्ट! बंगळुरू महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं शहराला निवडून आलेले नगरसेवकच नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. या मधल्या काळात गटार तुंबलं तर दार कुणाचं ठोठवायचं, हा प्रश्न गल्लीगल्लीत होता. मोठ्या वर्तमानपत्रांना प्रत्येक गल्लीत वार्ताहर ठेवणं परवडत नाही. अशा वेळी गल्लीची बातमी गल्लीतल्याच कुणी तरी द्यावी लागते.

पोस्टकार्ड ते फॉरवर्ड

मराठी वाचकाला हा माणूस परका नाही. वर्तमानपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहाराला नेमाने पोस्टकार्ड धाडणारे एक तरी निवृत्त काका प्रत्येक आळीत असायचे. बारीक, वळणदार अक्षर. ‘संबंधितांनी लक्ष घालावे, ही विनंती’ हा ठरलेला शेवट. पत्र छापून आलं की कात्रण टेबलाच्या काचेखाली. घरचे हसायचे, पण कधी कधी त्या चार ओळींनी रस्त्यावरचा दिवा लागायचा!

पोस्टकार्डाची जागा मोबाइलने घेतली, तेव्हा काकांचा आवाज मोठा व्हायला हवा होता. झालं उलटंच. पूर्वी काका स्वतःचं लिहायचे, आता दुसऱ्याचं पुढे ढकलतात. पहाटे पाचला गुलाबाचं फूल, सहाला लसणाचे गुण, सातला कुठल्या तरी अनोळखी शहरातला थरारक व्हिडिओ. स्वतःच्या दारासमोर काय घडलं, ते मात्र गटावर येत नाही.

सामान्य माणसाने बातमी द्यायची, हा प्रयोग जगात नवा नाही. दक्षिण कोरियात ओ यॉन-हो या पत्रकाराने फेब्रुवारी २००० मध्ये ‘ओह्‌मायन्यूज’ सुरू केलं, तेव्हा त्याच्याकडे ७२७ नागरिक-वार्ताहर होते. ‘प्रत्येक नागरिक वार्ताहर’ हे त्याचं ब्रीद. बंगळुरूत सुब्रमण्यम व्हिन्सेंट आणि मीरा के. यांनी २००८ मध्ये ‘सिटिझन मॅटर्स’ सुरू केलं. पाणी, कचरा, तलाव, बस, वॉर्डाचा खर्च असे विषय. लिहिणाऱ्यांत व्यावसायिक पत्रकार आणि त्यांच्या जोडीला त्या त्या भागातले रहिवासी. २०१३ पासून ऊर्वाणी फाउंडेशन ही विश्वस्त संस्था त्यामागे उभी आहे. पुढे चेन्नई आणि मुंबईच्या बातम्याही तिथे येऊ लागल्या.

ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांच्यासाठी आवाज आहे. सामुदायिक रेडिओची मागणी करणारा जाहीरनामा १९९६ मध्ये बंगळुरूतच निघाला होता. २००७ मध्ये जैन शिक्षणसंस्थेच्या आवारातून ‘रेडिओ ॲक्टिव्ह ९०.४’ हे शहरातलं पहिलं सामुदायिक केंद्र सुरू झालं. कचरा वेचणारी, घरकाम करणारी माणसं तिथे माइकसमोर बसली. ती बसू शकतात, तर गणिताच्या निवृत्त बाई का नाही?

ज्येष्ठांच्या हक्काची व्यासपीठंही आहेत. शैलू श्रीनिवासन यांनी १९९५ मध्ये मुंबईत डिग्निटी फाउंडेशन सुरू केलं, त्यांचं ‘डिग्निटी डायलॉग’ हे मासिक ज्येष्ठांसाठीच निघालं. बंगळुरूत रश्मी चक्रवर्ती आणि निधी चावला यांनी ‘सिल्व्हर टॉकीज’ सुरू केलं. म्हणजे जागा आहे, साधन आहे. प्रश्न शिकण्याचा आहे.

म्हातारीच्या शेंगा आणि बेगूरचा दगड

शिकायचं काय? ज्येष्ठांना वाटतं, फोनची बटणं. ती तर नातू अर्ध्या तासात शिकवतो. खरं शिक्षण अवघड आहे ते आठवणीला पुरावा जोडण्याचं.

बंगळुरूचं नाव कसं पडलं, हे तिथल्या कुठल्याही आजोबांना विचारा. होयसळ राजा वीर बल्लाळ शिकारीला गेला, रानात वाट चुकला, भुकेने कासावीस झाला. एका म्हातारीने त्याला उकडलेल्या शेंगांचे दाणे खाऊ घातले. म्हणून हे ‘बेंद काळू’चं, म्हणजे उकडलेल्या दाण्यांचं गाव. बेंदकाळूरु, त्याचं झालं बेंगळूरु. गोष्ट गोड आहे. पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे.

पण शहराच्या दक्षिणेला बेगूर गावी नागनाथेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या एका वीरगळावर, साधारण इसवी सन ९०० च्या सुमारास, ‘बेंगळूरु’च्या लढाईचा उल्लेख कोरलेला आहे. वीर बल्लाळ राज्यावर आला बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे राजाला भूक लागली त्याच्या पावणेतीनशे वर्षं आधीच गावाला नाव होतं!

म्हणून आजोबांची गोष्ट टाकून द्यायची का? मुळीच नाही. ‘असं सांगतात’ म्हणून ती लिहायची आणि दगड काय म्हणतो तेही शेजारी लिहायचं. परिसर-पत्रकारितेचा पहिला धडा हाच. ऐकलेलं ऐकलेलं म्हणून सांगावं, पाहिलेलं पाहिलेलं म्हणून, आणि कागद असेल तर कागदाची तारीख द्यावी. ‘आमच्या वेळी इथे तलाव होता’ ही आठवण झाली. ‘अमुक सालच्या नकाशात इथे तलाव दाखवला आहे, आणि इथे पोहायला शिकलेले तीन जण आजही याच गल्लीत राहतात’ ही बातमी झाली.

मल्लेश्वरम्‌चंच पाहा. ज्या काडु मल्लेश्वराच्या देवळावरून या वसाहतीला नाव मिळालं, त्या देवळाचा संबंध थेट भोसल्यांच्या घराण्याशी आहे. १६३८ नंतर बंगळुरू शहाजीराजांची जहागीर होती. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे, म्हणजे शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ. व्यंकोजींनी या देवाला गाव इनाम दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. कुणी दिलं, काय दिलं, कुणाला दिलं, केव्हा दिलं... साडेतीनशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेली ती नीटस बातमीच आहे. नाव आणि तारीख होती म्हणून ती टिकली.

शहर वाढताना असे किती तरी दगड पायात गेले, गटारावर पडले. पी. एल. उदयकुमार या इंजिनिअरने २०१७ च्या सुमारास ते शोधण्याची नागरिकांची मोहीम उभी केली. पुढे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या मिथिक सोसायटीच्या आधाराने या शिलालेखांची संगणकावर त्रिमिती चित्रं साठवण्याचं काम सुरू झालं. अशा कामात पहिला दुवा कोण? ‘आमच्या लहानपणी त्या विहिरीजवळ अक्षरं कोरलेला दगड होता’ असं सांगणारी म्हातारी माणसंच ना!

वहीत काय लिहायचं?

शिकवणीची सुरुवात वहीपासून करावी. निवृत्त माणसाला वही लिहायची सवय असते. दूध, धोबी, रक्तदाब सगळं तारखेसकट मांडलेलं. तीच शिस्त गल्लीला लावायची.

समजा, कोपऱ्यावरचा फुटपाथ तीन महिने उखडलेला आहे. तक्रारीचं पत्र म्हणेल, ‘प्रशासन झोपले आहे.’ वार्ताहराची वही वेगळं विचारेल. काय झालं, कुठे, केव्हापासून, कुणामुळे, का, आणि आता कसं? मग मोजमाप. किती पावलं लांब खड्डा आहे? सकाळी आठ ते नऊ किती माणसं तिथे रस्त्यावर उतरून चालतात, त्यांत किती काठीवाली, किती शाळकरी? हे मोजायला तासभर बाकावर बसावं लागतं. तरुण वार्ताहराला तो तास मिळत नाही. आजोबा तर बसलेलेच असतात!

त्यानंतर दुसरी बाजू. ठेकेदाराला, वॉर्डाच्या इंजिनिअरला विचारायचं. त्याने उत्तर दिलं तर ते जसंच्या तसं लिहायचं, दिलं नाही तर ‘विचारलं, उत्तर मिळालं नाही’ एवढंच लिहायचं. चिडायचं नाही. हा धडा मोठमोठ्या साहेबांना जड जातो, कारण तीस वर्षं खुर्चीत बसून उत्तरं ऐकण्याची सवय झालेली असते.

तरीही माहिती मिळाली नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपये फी आणि तीस दिवसांत उत्तर देण्याचं बंधन. कर्नाटकातला नियम असा की, एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द. ज्यांनी आयुष्यभर टिपणी, संदर्भ, जावक क्रमांक लिहिले, त्यांच्यासाठी हा तर हातचा मळ. या बाबतीत कुठलाही नवशिका पत्रकार निवृत्त हेडक्लार्कचा हात धरू शकणार नाही.

सहा फोटोंची गोष्ट

आता कॅमेरा. ज्येष्ठ मंडळींचे फोटो बहुधा एकाच जातीचे असतात. सगळे ओळीत उभे, पाठीमागे देऊळ, कुणाचे तरी पाय कापलेले. फोटोतून गोष्ट सांगायची तर सहा चौकटी लक्षात ठेवाव्यात. पहिली लांबून, जागा कळावी म्हणून. दुसरी मध्यम अंतरावरून, माणूस आणि त्याचं काम एकत्र दिसावं म्हणून. तिसरी चेहऱ्याची. चौथी हातांची. पाचवी एखाद्या बारीकशा वस्तूची, आणि सहावी शेवटाची, काम संपल्यावरची.

बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी भुईमुगाची जत्रा भरते, ‘कडलेकाई परिषे’. हजारो लोक तिथे फोटो काढतात आणि सगळ्यांचे सारखेच येतात. पण तिथे शेंगा विकायला बसलेली एखादी अज्जी घ्या. पहाटे पोतं उतरवताना, माप भरताना, सुरकुतलेला हात, पदरात बांधलेली नाणी, दुपारची भाकरी आणि रात्री रिकामं पोतं घडी घालताना. सहा फोटो आणि खाली सहा ओळी. नाव, गाव, किती वर्षं येते, यंदा माप काय भावाने गेलं. तिची परवानगी आधी घ्यायची आणि छापून आलेली प्रत तिला दाखवायची. जत्रेची ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडे नसेल.

फोटोकडे पाहायचं कसं, याचाही एक धडा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी खेड्यातल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले. तुमचं रोजचं जगणं टिपा, म्हणाल्या. शेताच्या बांधावर एकटं पडलेलं तान्हं मूल आणि पलीकडे वाकून निंदणारी आई, असे फोटो आले. ते अधिकाऱ्यांपुढे ठेवल्यावर मुलं सांभाळण्याच्या सोयीचा विषय निघाला. या पद्धतीत प्रत्येक फोटोला पाच प्रश्न विचारतात. इथे काय दिसतं? खरोखर काय चाललंय? आपल्या जगण्याशी याचा काय संबंध? हे असं का आहे? आणि आपण काय करू शकतो? उद्यानातल्या बाकावर एक फोटो मधे ठेवून हे पाच प्रश्न विचारून पाहा. गप्पांची गाडी ‘आमच्या वेळी’वरून आपोआप ‘आता’वर येते.

कर्नाटकाला या कलेची परंपरा आहे. म्हैसूरचे टी. एस. सत्यन ‘डेक्कन हेरल्ड’चे पहिले छायाचित्रकार. साध्या माणसांचे, मुलांचे फोटो त्यांनी जन्मभर काढले. १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली, १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालकवर्षात त्यांच्या मुलांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन न्यूयॉर्कला भरलं. आणि फोटोंमागच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक आलं २००५ मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर! कॅमेरा बाजूला ठेवण्याच्या वयात त्यांनी लेखणी जवळ केली.

हात थरथरतो, मग?

थरथरू दे. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवायची, भिंतीला किंवा खांबाला पाठ लावायची आणि श्वास क्षणभर रोखायचा. पडद्यावर बोट मारताना फोन हलतो, म्हणून आवाज कमी-जास्त करण्याचं बाजूचं बटण दाबायचं. बहुतेक फोनमध्ये त्याने फोटो निघतो. लेन्स आधी सुती कापडाने पुसायची, कारण निम्मे धूसर फोटो हे बोटाच्या तेलामुळे धूसर असतात. अक्षरं मोठी करून घ्यायची. टंकन जमत नसेल तर बोललेलं मराठी किंवा कन्नड लिहून देण्याची सोय फोनमध्ये असते. उत्तम प्रकाश सूर्योदयानंतरच्या दोन तासांत मिळतो. ज्येष्ठांना लवकर उठण्याचा सल्ला द्यावा लागत नाही, ते झोपायचे कधी हाच घरच्यांचा प्रश्न असतो!

वयाचं निमित्त सांगणाऱ्यांनी जपानच्या किमिको निशिमोतो आजींची गोष्ट ऐकावी. मुलाच्या फोटोग्राफीच्या वर्गात त्या पहिल्यांदा बसल्या त्या ७२ व्या वर्षी. संगणकावर फोटो जोडायला शिकल्या. पुढे दहा वर्षांनी कुमामोतोत त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं. स्वतःलाच कचऱ्याच्या पिशवीत बसवलेले, झाडूवरून उडवलेले त्यांचे विनोदी फोटो जगभर पाहिले गेले. २०२५ मध्ये ९७ व्या वर्षी त्या गेल्या.

इतकं लांब कशाला? ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. शिक्षक योगेंद्र बांगर यांची कल्पना. साठी-सत्तरीच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. बंगळुरूचंच उदाहरण हवं तर वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांचं घ्या. १९८० च्या दशकात त्यांच्या देखरेखीखाली शहरात सुमारे १५ लाख झाडं लागली. निवृत्तीनंतर ते घरी बसले नाहीत. दक्षिण भारतातल्या झाडांवर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले. २०२१ मध्ये, नव्वदी पार केल्यावर ते गेले, तेव्हा त्यांची झाडं रस्त्यावर होती आणि झाडांच्या नोंदी पुस्तकात.

सांभाळायचं काय?

अडचणी आहेतच. पहिली अडचण घरातूनच येते. ‘बाबा, कशाला नसत्या भानगडीत पडता?’ हा प्रश्न सातासमुद्रापलीकडून फोनवर येतो. त्यात चूक काही नाही. नाव घेऊन आरोप करायचा आणि हातात पुरावा नाही, असं झालं तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. म्हणून छापण्याआधी दुसऱ्या कुणी तरी वाचलंच पाहिजे. कुणाच्याही मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत. बंगळुरूत लष्करी आणि संरक्षण खात्याच्या आवारांची वाण नाही, तिथे ‘फोटो काढण्यास मनाई’ ही पाटी दिसली की कॅमेरा खिशात.

दुसरी अडचण भाषेची. मराठी किंवा तमीळ घरातले आजोबा चाळीस वर्षं राहूनही कन्नड जेमतेम बोलतात. मग फुलवालीशी बोलणार कसे? ही कसर भरून काढायला हे उत्तम निमित्त आहे. जोडी करावी. एक कन्नड बोलणारे, एक दुसऱ्या भाषेचे. बातमी दोघांची.

तिसरी अडचण अहंकाराची. ऐंशीव्या वर्षी ‘तुमची तारीख चुकली’ असं ऐकून घेणं सोपं नाही. पण ज्याने चूक मान्य करून दुसऱ्या दिवशी दुरुस्ती लिहिली, त्याच्यावर गल्लीचा विश्वास बसतो.

आणि एक फायदा असा, जो कुणी आधी मोजत नाही. म्हाताऱ्या माणसांना फोनवरून लुटणाऱ्या टोळ्यांचा सुळसुळाट झालाय. ‘आम्ही पोलीस बोलतोय, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ असं सांगून आयुष्याची पुंजी काढून घेतात. कायद्यात असली अटकच नाही. ज्याला कोण, कुठून, कशावरून, कागद कुठे, हे विचारायची सवय लागली, तो असा सहजी फसत नाही. वार्ताहराची वही अशा वेळी घराला कडीसारखी उपयोगी पडते.

फोटोची मागची बाजू

महाराष्ट्रात गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांच्याकडे हॉल आहे, खुर्च्या आहेत, दर आठवड्याचा दिवस ठरलेला आहे. बंगळुरूच्या उद्यानात जे होऊ शकतं ते डोंबिवली, सांगली किंवा नाशकात का होऊ नये? भिंतीवर एक फलक पुरे. आठवड्याला एक बातमी, सहा फोटो, खाली नाव आणि तारीख. एखाद्या शाळेतली चार मुलं मदतीला घेतली तर बटणं ती शिकवतील आणि प्रश्न आजी-आजोबा.

तेवढंही जमणार नसेल, तर सुरुवात आज घरीच करता येईल. कपाटातला फोटोंचा डबा काढा. जुना, कडा पिवळ्या पडलेला एखादा फोटो घ्या आणि उलटा करून पाहा. मागची बाजू बहुधा कोरी असते. पुढे बारा माणसं उभी आहेत. त्यांतल्या नऊ जणांची नावं आता घरातल्या एकाच माणसाला ठाऊक आहेत, आणि त्या माणसाने पंचाहत्तरी गाठली आहे. तो माणूस गेला की फोटो राहील, पण त्यातली नऊ माणसं कुणाचीच राहणार नाहीत.

मऊ शिशाची पेन्सिल घ्या. बॉलपेन नको, त्याची शाई पुढच्या बाजूला फुटते. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर फोटो पाकिटात घालून पाकिटावर लिहा. डावीकडून पहिला कोण, दुसरी कोण, जागा कुठली, साल कुठलं, हातातला तो पेला कशाबद्दल मिळाला. साल नक्की आठवत नसेल तर ‘अंदाजे’ असं लिहा. तेवढा प्रामाणिकपणा पाळला की वार्ताहराची पहिली परीक्षा पास.

मग उद्या सकाळी फिरायला जाल, तेव्हा वही आणि फोन बरोबर असू द्या. बाकावरची मंडळी वाट पाहतच असतील. कोपऱ्यावरचं झाड गेल्याचं कुणी सांगितलं, तर एवढंच विचारा, ‘केव्हा गेलं? कुणी पाहिलं? चला, जाऊन बघू या!’